दाजी आणि श्वासाची दुरुस्ती

देवानं माणूस घडवला हे खरं. पण घाईत घडवला, आणि त्यातलं श्वासाचं काम तर दिवस मावळता मावळता कुणातरी शिकाऊ मिस्त्रीवर सोपवून देव घरी निघून गेला, असं ठाम मानणारा आणि ते काम उचकटून नव्यानं करून द्यायला तयार असणारा माणूस सबंध बीड जिल्ह्यात एकच आहे. तो आमचा जावई आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. नांदूरघाटच्या अलीकडं त्यांचं गाव आहे आणि तिथंही सगळे त्यांना दाजीच म्हणतात. गावच्याच माणसाला गावानं दाजी म्हणावं अशी रीत कुठं नाही. पण आमच्या घरची पोरं सुट्टीत तिकडं जाऊन दिवसभर 'दाजी, दाजी' करत हिंडायची, ते गावानं उचललं. दाजींनीही हरकत घेतली नाही. एवढ्या गावाचं मेव्हणेपण अंगावर घेऊन ते सुखानं नांदत आहेत.

दाजींचा धंदा मळणीचा. एक जुना ट्रॅक्टर आणि त्याच्यामागं जोडलेलं मळणीयंत्र. त्या यंत्राला आमच्याकडं हडंबा म्हणतात. सुगी आली की हा हडंबा या शिवारातून त्या शिवारात फिरतो. आधी सोयाबीन, बाजरी, मग तूर, मग हरभरा आणि ज्वारी. धान्य एका तोंडातून खाली पडतं आणि भुसकट दुसऱ्या तोंडातून आभाळात जातं. जगातल्या कुठल्याही गोष्टीकडं बघायची दाजींची नजर याच दोन यंत्रांनी तयार केलेली आहे. अक्काला बघायला आले तेव्हा बाकीचे पाहुणे पोह्यांकडं आणि जमलं तर मुलीकडं बघत होते. दाजी मान तिरकी करून आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज ऐकत होते. "याचा वॉल्व गळतोय," हे त्यांचे आमच्या घरातले पहिले शब्द. होकार त्यांनी नंतर सवडीनं कळवला, इंजिन मात्र त्याच दिवशी दुरुस्त करून गेले.

हा असा माणूस माणसाच्या छातीत शिरला तो अक्कामुळं. लग्नाला काही वर्षं झाली आणि अक्काला धाप लागायला लागली. उन्हाळ्यात ती ठणठणीत असायची. थंडी पडली की छातीत शिट्ट्या सुरू, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहायची. सगळ्यांनी दोष थंडीला दिला. अडुळशाचा काढा झाला, ओव्याचा शेक झाला, ज्येष्ठमध झालं. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला तर शेजारणींनी त्याची सवय लागते म्हणून तो डब्यात ठेवायला लावला. दाजी हे सगळं काही दिवस बघत राहिले आणि मग त्यांनी निकाल दिला की औषधाचा यात काही संबंधच नाही. माल चांगला आहे, बनावट चुकलेली आहे. बनावट चुकली असेल तर मिस्त्रीनं गप्प बसायचं नसतं. त्या दिवसापासून त्यांचं संशोधन सुरू झालं आणि आमची भाऊबीज, पंचमी, बारशी, डोहाळजेवणं त्यात बुडाली.

त्यांचा पहिला आक्षेप नाकावर. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बोटभर धूळ बसलेली असायची, तिच्यावर बोटानं आकृती काढून ते समजावत. "ट्रॅक्टरला हवा घ्यायला एक नळी हाय, धूर सोडायला दुसरी. हवा हिकडनं गेली, धूर तिकडनं आला. देवानं माणसाला दोन भोकं दिली, मला वाटलं यानं बरूबर केलंय. आत बगतो तर दोन्ही एकाच नळीत. मग दुसरं कावून दिलं, पाव्हणं?" जी हवा आत जाते ती त्याच वाटेनं परत येते, म्हणजे एसटी ज्या बोळात शिरली त्याच बोळातून मागं मागं घ्यायची. बोळ कधीच मोकळा होत नाही, थोडी शिळी हवा आत कायमची मुक्कामाला राहते, आणि तिथंच रोग अंडी घालतो, अशी एकूण मांडणी होती. वाऱ्याची झुळूक आली की बॉनेटवरची आकृती पुसली जायची. दाजी न चिडता परत काढायचे. दरवेळी ती थोडी वेगळी व्हायची आणि दरवेळी आधीच्यापेक्षा बरी झाली असं त्यांना वाटायचं.

दुसरा आक्षेप घशावर. अन्नाची वाट आणि हवेची वाट घशात एकमेकींना आडवी जाते, हे ज्या दिवशी त्यांना कळलं त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दाजींनी रेल्वेचं फाटक परळीला पाहिलेलं. तिथं निदान माणूस असतो, घंटा असते. इथं बिनफाटकाचं, बिनघंटेचं क्रॉसिंग, आणि त्यावरून दिवसातून कितीतरी वेळा भाकरी जाते. माझ्या लग्नाच्या पंगतीत दाजी बुंदी वाढत होते आणि आमच्या एका चुलत आजोबांना ठसका लागला. चारचौघं पाठीवर थापट्या मारत होते, कुणी वर बघा म्हणत होतं, कुणी पाणी आणा म्हणत होतं. दाजींनी बुंदीची बादली खाली ठेवली आणि आजोबांच्या समोर बसून त्यांच्या घशात नेमकं काय चुकलं आहे ते समजावून सांगायला सुरुवात केली. यात तुमचा काही दोष नाही, असं ते वारंवार सांगत होते. आजोबा जगले, पण त्या दिवसानंतर पातळ भातच खायला लागले. मागच्या दोन पंगती बुंदीवाचून ताटकळल्या, ते अजून आमच्या भावकीत सांगतात.

पण दाजींचं खरं रूप बघायचं तर सुगीतल्या एखाद्या संध्याकाळी बघावं. मळणी उरकलेली असते, हडंबा थंड पडलेला असतो, आणि दाजी कडब्याच्या गंजीला पाठ लावून आभाळाकडं बघत पडलेले असतात. दिवसभर उडालेलं भुसकट अजून खाली आलेलं नसतं. मावळतीचं ऊन त्यातून येतं आणि सगळं शिवार हळदीच्या रंगाचं होऊन तरंगत राहतं. अशा वेळी दाजी हळू आवाजात त्यांच्या नव्या माणसाबद्दल बोलतात. त्या माणसाची फुप्फुसं बाहेर काढता येतात. ट्रॅक्टरचा एअर फिल्टर काढून धुतो तशी सकाळी उठून बायामाणसं आपापली फुप्फुसं काढणार, विहिरीवर नेणार, खळबळून धुणार आणि दोरीवर वाळत घालणार. गल्लीभर पांढरीशुभ्र फुप्फुसं वाऱ्यावर हलत आहेत, आणि एखादं काळपट दिसलं की बाया विचारत आहेत, हे कुणाचं गं, बिडीवाल्याचं का. तेवढा वेळ माणसानं काय करायचं, असं मी एकदा विचारलं. त्यावर दाजींनी स्टेपनी सांगितली. प्रत्येकाला एक जोडी ज्यादा. शिरूर कासारकडनं ऊस तोडायला जाणारी माणसं गाडीत भांडीकुंडी भरतात, तीत एक जोडी ठेवतील, म्हणजे फडातल्या पाचटाच्या धुरानं एक काळवंडली की दुसरी. हे सांगताना त्यांचा आवाज असा मऊ होतो की ऐकणाऱ्याला ते सगळं दिसायला लागतं. मलाही दिसलेलं आहे. आभाळाखाली हलणाऱ्या त्या दोऱ्या मी कितीतरी वेळ बघत बसलेलो आहे.

घरी आलं की मात्र त्यांना विरोधी पक्ष भेटायचा. नाकपुड्या पाठीवर हव्यात, अशी त्यांनी एकदा घोषणा केली. माणूस काम करतो ते तोंडासमोर, धूळ उडते तीही तोंडासमोर, मग नाक तिथंच ठेवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. तोंड कामाकडं आणि नाक घराकडं असलं पाहिजे. अक्का भाकरी थापता थापता म्हणाली की मग आमटी करपल्याचं कळणार कसं, पाठ करून स्वयंपाक करायचा का. दाजी उठून बाहेर गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की वासाचं खातं वेगळं काढायचं, ते समोर राहील, श्वासाचं मागं जाईल. अक्कानं या दुरुस्तीला संमती दिली. तिच्या संमतीशिवाय त्यांनी एकही बदल पुढं नेलेला नाही. शेवटी छाती तिची होती.

या सगळ्यात भर घातली ती माझ्या बायकोनं. ती बीडला शाळेत विज्ञान शिकवते. एका दिवाळीत दाजींचा एकतर्फी हवेचा विचार ऐकून ती सहज म्हणाली, की पाखरांच्या छातीत साधारण असंच असतं, त्यांच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहत राहते. दाजींच्या हातातली करंजी हातातच राहिली. त्यांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजी देवाकडं नमुना तयार होता. चिमणीला दिला, आन आपल्याला जुना माल खपवला." त्या दिवाळीत ते देवाशी फारच तुटक वागले. लक्ष्मीपूजनाला हात जोडले तेही दुकानदारानं फसवलेल्या गिऱ्हाइकासारखे. पुढं कित्येक दिवस ते अंगणात दाणे टिपणाऱ्या चिमण्यांकडं बघत बसत. घरात एक तांबडी कोंबडी होती, तिला काखेत धरून तिच्या छातीला कान लावत. माझ्या मुक्कामात एकदा त्या कोंबडीचा रस्सा करायचा बेत ठरला, तर दाजींनी तो मोडला, तिच्यावर अभ्यास चालू हाय म्हणून. आम्ही पिठलं खाल्लं. ती कोंबडी म्हातारी होऊन आपल्या मरणानं मेली, असं भाग्य त्या पंचक्रोशीत दुसऱ्या कोंबडीला लाभलेलं नाही.

एका बाबतीत मात्र दाजी नुसतं बोलून थांबले नाहीत. नवी छाती मिळेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक फिल्टर बनवला. अक्काच्या जुन्या सुती लुगड्याच्या घड्या, मध्ये कापसाचा पातळ थर, पुढं चाळणीच्या जाळीचा तुकडा, आणि हे सगळं कानामागून नाड्यांनी बांधलेलं. खळ्यावर बैलाला मुसकं बांधतात, इथं मालकालाच बांधलंय, असं लोक म्हणायचे. पण फिल्टर कामाचा होता. दिवसभर हडंब्यापाशी उभं राहूनही दाजी खोकत नसत. संध्याकाळी ते घरी आले की अंगणात एक सोहळाच व्हायचा. दाजी ओट्यावर बसायचे, अक्का त्यांच्या तोंडावरचा फिल्टर सोडायची, घड्या उलगडायची आणि पायरीच्या दगडावर फटाफट आपटायची. मग सदरा, मग टॉवेल, मग टोपी; हे कपडे तर ती लग्न झाल्यापासूनच झटकत आलेली. पिवळ्या धुरळ्याचा ढग उठायचा आणि अक्का त्यात दिसेनाशी व्हायची. पाहुणा आलेला असला की दाजी त्याला मुद्दाम अंगणात बोलवत आणि त्या ढगाकडं बोट दाखवत. "बगा. एवढं समदं माज्या छातीत गेलं असतं."

गेल्या संक्रांतीला मी तीळगूळ घेऊन गेलो तेव्हा तुरीची मळणी जोरात होती. माझ्यासाठी म्हणून दाजी त्या दिवशी दुपारीच परतले. फिल्टर झटकून झाला, चहा ठेवते म्हणून अक्का आत गेली आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. ती जमिनीवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, आणि तिला श्वास मिळत नव्हता. तोंड उघडं होतं, खांदे वर जात होते, पण आत काही जात नव्हतं. डब्यातला पंप सापडेपर्यंत तिचे ओठ निळसर झाले. पंपानं थोडा उतार पडला आणि आम्ही शेजाऱ्याच्या जीपमध्ये तिला घालून बीडकडं निघालो. मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकांची गर्दी झालेली. दाजी जीपमधून उतरले, टॉवेल हातात घेतला आणि ट्रकवाल्यांना मागं सारत, हात जोडत, शिव्या देत त्यांनी वाट काढली. ढाब्यावरची माणसं उठून बघत होती. मी मागं अक्काचं डोकं खांद्यावर घेऊन बसलो होतो आणि माझी बहीण जाते की काय, एवढं एकच माझ्या मनात होतं.

दवाखान्यात तिला मशीनची वाफ दिली. तासाभरानं ती नीट बोलायला लागली. डॉक्टर तरुण होते, घाई न करता एकेक विचारत होते. चूल की गॅस. घरात कुणी बिडी ओढतं का. कधीपासून वाढलं. थंडीत वाढतं म्हटल्यावर त्यांनी विचारलं की थंडीत घरात वेगळं काय काम असतं. अक्का म्हणाली, वेगळं काही नाही, यांची सुगी असते. मग कौतुकानं म्हणाली, "यांचं फिल्टर मीच झटकते की. रोज. दुसऱ्या कुणाला जमत न्हाई."

डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तोंडाला काय बांधता.

अक्का हसली. "मी कावून बांधू? मी तर घरीच असते."

डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर माणसाच्या छातीचं मोठं चित्र लावलेलं होतं, दोन्ही फुप्फुसं, नळ्या, फांद्या, सगळं रंगीत. एरवी दाजींनी त्या चित्रापुढं उभं राहून डॉक्टरांची शिकवणी घेतली असती. ते खाली फरशीकडं बघत होते. दोष थंडीचा नव्हता, औषधाचा नव्हता, देवाचा नव्हता आणि बनावटीचाही नव्हता. त्यांच्या छातीत जायचं ते सगळं इतकी वर्षं रोज संध्याकाळी तिच्या छातीत गेलं होतं, आणि ते त्यांनी पाहुण्यांना बोलावून दाखवलं होतं.

त्यानंतर दाजी मळणी झाली की खळ्यावरच्या बोअरखाली आंघोळ करायला लागले. भर थंडीत, गार पाण्यानं. कपडे तिथंच ओले करून खताच्या गोणीत भरायचे, दुसरे अंगावर घालायचे, आणि गोणीतले आपल्या हातानं ओढ्यावर धुवायचे. फिल्टर हडंब्यालाच टांगलेला असतो, तो घरात येत नाही. ओढ्यावर धुणं धुणारा पुरुष म्हटल्यावर गावानं टिंगल करायची ती केली. दाजी ऐकून घेतात. कपडे आपटताना तोंड वाऱ्याच्या बाजूला कसं ठेवावं, हे ते टिंगल करणाऱ्यांनाच समजावून सांगतात, आणि टिंगल करणारे दोघेतिघे आता आपले कपडे बायकोला न देता तिथंच झटकतात म्हणे. अक्का पंप रोज घेते. पुष्कळ बरी आहे. पण छातीचं जे झालं ते पुरतं परत येत नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलेलं आहे. नव्या माणसाबद्दल दाजी बोलेनासे झाले. बॉनेटवरची धूळ नुसतीच धूळ राहिली. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

हरभरा निघाला तेव्हा मी पुन्हा गेलो होतो. ऊन उतरलं होतं, अक्का ओट्यावर बाजेवर बसून मेथी निवडत होती आणि दाजी ओल्या केसांनी पायरीवर बसले होते. त्यांना जरा खुलवावं म्हणून मी म्हणालो की दाजी, ते फुप्फुसाचं काम अर्धवट राहिलंय, लोक वाट बघताहेत. ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ते समदं ऱ्हाऊ द्या. एकच बदल पायजे व्हता. ट्रॅक्टरची बॅटरी बसली तर आपण काय करतो? शेजारच्याचा ट्रॅक्टर जवळ लावतो, दोन वायरी जोडतो, आन त्याच्या जोरावर आपला चालू करतो. माणसाला तेवडी बी सोय न्हाई, पाव्हणं. हिला धाप लागती तवा मी हितंच बसलेला असतो. माजी छाती ठणठणीत. श्वास पडून हाय माज्याकडं, लागंल तेवडा. पर देता येत न्हाई."

अक्कानं मेथीची काडी खाली टाकली आणि त्यांच्याकडं बघून म्हणाली, "नगं बाई. वायर जोडली तर तुमची बडबड बी माज्याच छातीत यायची."

दाजींना हसू आलं. संक्रांतीनंतर पहिल्यांदा ते असे हसले असतील. ते हसले म्हणून अक्काही हसली, मोकळी, लहानपणी हसायची तशी, आणि हसता हसता तिला खोकला आला. एकदा, मग परत. तिनं हातातली जुडी बाजूला ठेवली आणि बाजेच्या काठाला धरलं. दाजींचं हसणं थांबलं. छातीत बारीक शिट्टी वाजत होती, ती आम्हाला ऐकू येत होती. मग ती हळूहळू कमी झाली. अक्कानं एक लांब श्वास आत घेतला, सावकाश सोडला आणि पुन्हा मेथी हातात घेतली. दाजींनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला. आणि मग मीही सोडला.